मदत हवी आहे: पर्मकॅथच्या जागेचं तापमान घरी मोजून इन्फेक्शन लवकर कळेल का?

सत्तरीचा_पाऊस:

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण वाचा प्लीज. बाबांचं (वय ६८, शुगर जुनी) डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे, सरकारी सेंटरवर, म्हणजे खर्चाचा प्रश्न नाही. डाव्या हाताला फिस्टुला केलाय (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात तो) पण तो अजून तयार झालेला नाही, तोवर उजव्या छातीवर पर्मकॅथ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती नळी गळ्याच्या शिरेत असते, तिथून कातडीखालून खाली येते आणि कॉलरबोनच्या खाली बाहेर पडते, बाहेर दोन तोंडं लोंबत असतात लाल आणि निळी.

पावसाच्या सुरुवातीला त्यांना बारीक ताप आला. जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देऊन पाठवलं, ताप उतरला, आम्ही निवांत. पुढच्या डायलिसिसला मशीनला लावल्यावर थोड्याच वेळात अशी हुडहुडी भरली की खाट हलायला लागली. ब्लड कल्चरमध्ये (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) स्टॅफ नावाचा जंतू निघाला, मग अ‍ॅडमिट, अँटिबायोटिक, कॅथेटर बदलला. आता बरे आहेत पण आई रात्री उठून उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघते.

तर माझ्या डोक्यात असं आलं की जिथे नळी बाहेर येते तिथली स्किन इन्फेक्शन व्हायला लागलं की गरम होणारच ना, मग ताप यायच्या आधीच ती गरमी पकडता येईल का? घरात कोविडमधली कपाळावर धरायची गन आहे ती वापरून बघितली तर काहीच्या बाही रीडिंग येतात. फॅन चालू असला की नुसतं 'लो' दाखवते, लाइट गेली आणि घाम आला की वेगळंच, कधी दोन्ही बाजूंना ३६.४ म्हणजे अगदी कपाळाइतकंच, जे मला पटत नाही. कोणी हे करून बघितलंय का? कुठलं यंत्र घ्यावं, किती फरक आला की घाबरायचं? आणि मुळात यात अर्थ आहे का की मी उगाच आईच्या डोक्याला आणखी एक ताप देतोय?

दिगंबर_वाळपई:

आमच्याकडे आजी हाताची मागची बाजू लावून सांगायची ताप आहे की नाही, कधी चुकली नाही. यंत्रं बित्रं सोडा.

वेर्ण्याचा_इन्स्ट्रुमेंटवाला:

आजीला नमस्कार पण हाताला अर्धा डिग्रीचा फरक धड कळत नाही, आणि इथे खेळ तेवढ्याचाच आहे.

गनचं सांगतो, कारण कंपनीत आमचं रोजचं काम तेच. तुमच्या गनमध्ये दोन मोड असणार, बॉडी आणि सरफेस, बटण दाबून बदलतात. बॉडी मोडमध्ये ती कपाळाच्या स्किनचं तापमान घेते आणि आतल्या फॉर्म्युल्याने त्यात भर घालून शरीराचं तापमान म्हणून दाखवते. कपाळाची स्किन साधारण ३३-३४ असते तरी स्क्रीनवर ३६.५ येतं ते त्यामुळे. तो फॉर्म्युला छातीसाठी केलेलाच नाही, शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच गन रीडिंग ३६.५ कडे ओढतात, म्हणून दोन्हीकडे ३६.४. आणि फॅनने स्किन गार झाली की आकडा त्यांच्या रेंजच्या खाली जातो, म्हणून 'लो'. गन बिघडलेली नाही, चुकीच्या मोडमध्ये आहे. सरफेस मोडला टाका, आता ३३, ३४ असे आकडे दिसतील, ते बरोबर आहेत, दचकू नका.

दुसरं म्हणजे अंतर. गन जितकी लांब तितका मोठा गोल ती मोजते, टॉर्चच्या झोतासारखं, आणि त्या गोलात ड्रेसिंग, नळी, बनियन सगळं आलं की सरासरी निघते. मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पाळा, साधारण ३ ते ५ सेंमी असतं, आणि दर वेळी तेच ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातली लेझरवाली गन घेऊ नका, तिची अचूकताच अधिक-उणे दोन डिग्रीच्या आसपास असते, शिवाय जवळून धरली की लेझरचा ठिपका एकीकडे आणि मोजणं दुसरीकडे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एकट्या आकड्याला किंमत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घाम, फॅन, खिडकी, आत्ताच घेतलेला चहा, कशानेही स्किन एक-दीड डिग्री हलते. पण हे सगळं उजव्या आणि डाव्या छातीला सारखंच लागतं. त्यामुळे उजवीकडचं वजा डावीकडचं, तो फरक लिहून ठेवा. शर्ट काढून, फॅन बंद करून दहा-पंधरा मिनिटं बसू द्या आणि मग मोजा.

म्हापसेकर_टेक:

डायलिसिस टेक्निशियन आहे, बरीच वर्षं याच कामात. आधी एक गोष्ट ठणकावून सांगते, मोजण्यासाठी ड्रेसिंग उघडायचं नाही. कितीही मोह झाला तरी नाही. ड्रेसिंग सेंटरवर सिस्टर मास्क लावून, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने साफ करून बदलतात, ते घरात उघडलंत तर जे शोधताय तेच आत घालाल.

पारदर्शक फिल्म असेल तर फिल्मवरूनच मोजा. गनला त्या फिल्ममधून धड दिसत नाही, ती जास्तकरून फिल्मचंच तापमान सांगते, पण ती कातडीला चिकटलेली असते त्यामुळे चालून जातं. आमच्या एका पेशंटच्या मुलाने तसल्याच फिल्मचा छोटा तुकडा डाव्या छातीवर त्याच उंचीला लावला होता, म्हणजे दोन्हीकडे सारखी स्थिती, मला ती युक्ती आवडली (चट्टा उठला तर काढून टाका). गॉझचं ड्रेसिंग असेल तर मात्र मोजून उपयोग नाही, कापूस गरमी अडवतो, मग फक्त ड्रेसिंगच्या कडेची कातडी मोजा.

फक्त बाहेर पडायच्या जागी मोजू नका. नळी कातडीखालून जिथून जाते तो सगळा मार्ग बोटाने लागतो, कॉलरबोनपर्यंत. नळी बाहेर पडते त्या जागेपासून २ सेंमीच्या आत लाली, गरमी, पू असेल तर ते एक्झिट साइटचं इन्फेक्शन, त्याच्या वर नळीच्या मार्गावर दुखायला आणि गरम लागायला लागलं तर टनेलचं इन्फेक्शन, आणि ते जास्त वाईट. म्हणून तीन ठिकाणी घ्या, ड्रेसिंगवर, मधे, आणि कॉलरबोनजवळ, आणि डावीकडे समोरासमोर तीन.

डायलिसिसच्या दिवशी घरी आल्यावर मोजू नका, रक्त मशीनमधून फिरून गार होऊन येतं, बऱ्याच ठिकाणी मशीनचं पाणीही मुद्दाम ३६ च्या आसपास ठेवतात. मधल्या दिवशी सकाळी, अंग पुसायच्या आधी.

पुण्यातला_गोंयकार:

मी डॉक्टर, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) शिकलो, किडनीचेच पेशंट बघतो. वरचं सगळं चांगलं आहे पण धाग्याचा रोख थोडा बदलावा लागेल, नाहीतर आकडा बरा आला म्हणून कोणीतरी घरी बसून राहील.

कॅथेटरला जंतू दोन वाटांनी लागतात. एक बाहेरून, कातडीवरचे जंतू नळीच्या कडेकडेने आत सरकतात, यात जागा लाल होते, गरम होते, आणि तुमची गन इथे कामाची. दुसरी वाट नळीच्या आतून, म्हणजे टोपण उघडताना, लाइन जोडताना जंतू आत शिरतात, नळीच्या आतल्या भिंतीवर थर धरून बसतात आणि मशीन सुरू झालं की थेट रक्तात. तुमच्या वडिलांना मशीनला लावल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली हे वर्णन या दुसऱ्या वाटेचं वाटतं. आणि तिथे बाहेरची कातडी अगदी स्वच्छ, गार, देखणी असू शकते. पर्मकॅथच्या रक्तातल्या इन्फेक्शनमध्ये बाहेर काहीच न दिसणं हे रोजचं आहे.

फरक किती आला की घाबरायचं विचारलंत. डायबेटिसच्या पायांसाठी असा आकडा आहे, दोन्ही पायांच्या त्याच जागी २.२ डिग्री सेल्सियसचा फरक सलग दोन दिवस दिसला की चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, त्यावर चांगले अभ्यास झालेत. कॅथेटरसाठी डायलिसिसच्या गाईडलाईनमध्ये अशी रेष आखलेली नाही. त्यामुळे तो आकडा उचलून छातीला लावू नका. तुमच्या वडिलांचा स्वतःचा नेहमीचा फरक किती ते आधी कळू दे, तो हलला आणि हललेलाच राहिला तर सेंटरला दाखवा. लाली, दुखणं, पू यातलं काही असेल तर गनची वाटच बघू नका.

आणि साधा काखेतला थर्मामीटर विसरू नका. किडनीच्या पेशंटचं नेहमीचं तापमान बऱ्याचदा कमीच असतं, त्यात शुगर आणि वय, म्हणजे ३७.६ सुद्धा त्यांच्यासाठी ताप असू शकतो. काही वेळा ताप नसतोच, नुसतं बीपी पडतं, जेवण जात नाही, असंबद्ध बडबडायला लागतात. थंडी वाजली तर पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, आधी सेंटरला किंवा कॅज्युअल्टीला आणि अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर. शक्य असेल तिथे एक सॅम्पल कॅथेटरमधून आणि एक हाताच्या शिरेतून, कॅथेटरवालं दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आलं तर गुन्हेगार नळीच. फिस्टुलाच्या हाताला मात्र सुई लावू देऊ नका. आणि इन्फेक्शन बरं झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत कंबर किंवा पाठ सतत दुखायला लागली तर तेही सांगा, स्टॅफ मणक्यात किंवा हार्टच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतो.

केप्याची_सूनबाय:

जरा वेगळं, आमच्या सासूबाईंचं पोटाचं डायलिसिस आहे, त्यांच्या पोटातून नळी येते. आम्ही तापमान वगैरे मोजत नाही पण निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवून अक्षरं वाचता येतात का ते बघतो. गढूळ आलं आणि अक्षरं पुसट झाली की पिशवी तशीच उचलून हॉस्पिटलात. एकदा पोटात दुखायच्या आधी यानेच पकडलं. छातीच्या कॅथेटरला असं काही नसतं का डॉक्टर?

पुण्यातला_गोंयकार:

दुर्दैवाने नाही, रक्त गढूळ दिसत नाही. म्हणून तर लोक तापमानाच्या मागे लागलेत. चिकटवायचे छोटे सेन्सर, थर्मल कॅमेरा यावर काम चालू आहे, कल्पना वाईट नाही, कारण सतत मोजत राहिलं की घाम-फॅनचा गोंधळ बाजूला काढता येतो. पण त्याच्या भरवशावर आज घरी निर्णय घ्यावा असं मी म्हणणार नाही. फिस्टुला तयार झाला की कॅथेटर काढून टाकणं हाच खरा उपाय, त्याच्या मागे लागा. चेंडू दाबायचा व्यायाम करतात का बाबा?

सत्तरीचा_पाऊस:

देव बरे करूं सगळ्यांचं. चेंडू दिलाय, टीव्ही बघताना दाबतात, सीरियलमध्ये भांडण लागलं की जरा जास्तच दाबतात.

सरफेस मोड सापडला. फॅन बंद करून मोजलं तर उजवीकडे ३४.१ आणि डावीकडे ३३.७, दुसऱ्या सकाळी ३३.६ आणि ३३.३, म्हणजे आकडे वरखाली पण फरक तसाच. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली तर आई म्हणाली तिथे तिचा दुधाचा हिशोब असतो, मग वेगळी वही. हुडहुडी, ताप, बीपी पडणं, बडबड हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय आणि खाली, गन काहीही म्हणो, जायचं. आईला हे पान कपाळाला हात लावण्यापेक्षा जास्त आवडलंय.

दोन प्रश्न राहिले. सेंटरवर जोडताना कधी कधी पेशंटला मास्क देत नाहीत, मी मागितला तर चालतं ना, उद्धट दिसत नाही ना? आणि चवथीला बाबांना माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायलाच हवी, दर वर्षी तेच बांधतात, ऐकणार नाहीत.

म्हापसेकर_टेक:

मास्क बिनधास्त मागा, नाहीतर घरून न्या. नळीची टोपणं उघडी असताना पेशंट आणि जोडणारा दोघांच्याही तोंडाला मास्क हवा, आणि बाबांनी तोंड डावीकडे वळवून ठेवायचं, तेव्हा गप्पा नकोत. टोपण काढल्यावर नळीचं तोंड जंतुनाशकाने घासून, सुकू देऊन मग लाइन जोडतात का तेही बघत जा. चांगल्या टेक्निशियनला पेशंटच्या घरचे बघतायत याचा राग येत नाही.

माटोळी खाली बसून सांगू दे, बांधू दे दुसऱ्या कोणाला. हात वर करून ताणला की टाके आणि फिल्म दोन्ही ओढली जातात, आणि घामाने फिल्मची कड सुटली तर त्याच दिवशी सेंटरला जाऊन बदलून घ्या, सुट्टी असली तरी, वरून चिकटपट्टी मारून भागवू नका.

सत्तरीचा_पाऊस:

ओके. आणि छातीवर दोन्ही बाजूंना फिल्म लावायची नसेल तर डाव्या दंडाशी तुलना केली तर चालेल?

म्हापसेकर_टेक:

नको नको, त्या हाताला फिस्टुला आहे. त्यात रक्ताचा जोर जास्त म्हणून तो हात मुळातच गरम लागतो, छाती गरम झाली तरी तुम्हाला फरक दिसणारच नाही. छातीची तुलना छातीशीच.