‘ताप’ या शब्दावर आपण जास्तच भार टाकलाय का?

भाचीला विज्ञान शिकवत होते. पाणी उकळत होतं, तापमापी १०० अंशांवर थांबलेली. तिनं विचारलं, “खाली आच चालूच आहे, मग तापमान का वाढत नाही? ताप म्हणजे उष्णता आणि मान म्हणजे माप ना?” शब्दाची फोड तिनं बरोबर केली आणि तिथेच फसली. ‘पोरांनी ताप दिला’, ‘डोक्याला ताप’, ‘ताप आलाय’, वर पुन्हा ‘तापमान’! मला वाटतं, शास्त्रात तरी वेगळा शब्द हवा.

प्रतिसाद १ :
मुळीच पटलं नाही. सगळ्याच्या मुळाशी ‘तप्’ धातू आहे. लोखंड तापतं, अंग तापतं, माणूस तापतो. संताप, अनुताप, पश्चात्ताप हे सगळे त्याच घरातले. (पश्चात् + ताप, म्हणून दोन त. ‘पश्चाताप’ वाचलं की जीव कळवळतो.) ‘डोक्याला ताप’ म्हणताना खरंच कपाळ तापल्यासारखं वाटतं. हा भार नव्हे, श्रीमंती आहे.

प्रतिसाद २ :
श्रीमंती घरात ठीक. मी रुग्णांच्या नोंदी घेते. ‘उष्णता झालीय’ म्हणत लोक येतात. कुणाला तोंड आलेलं असतं, कुणाला लघवीला जळजळ, आणि तापमापी ३७ अंश सेल्सिअस दाखवते. नोंदीत नुसतं ‘उष्णता’ लिहिलं तर पुढच्या माणसाला काय कळणार? प्रत्येकाला खोदून विचारावं लागतं. धागाकर्तीशी सहमत, नेमके शब्द हवेतच.

प्रतिसाद ३ :
पण हा घोळ ‘उष्णता’चा झाला, ‘ताप’चा नव्हे. घरी कुणी आजारी असलं की आपण विचारतो, “ताप किती आहे?” उत्तर येतं, “एकशे दोन.” म्हणजे अंश! एकूण उष्णता किती, हे कुणी विचारत नाही. बोलीतला ताप म्हणजे पदार्थ किती तापलाय ते, आणि त्याचं मान ते तापमान. शब्द चोख आहे, फोड करताना ‘ताप म्हणजे उष्णता’ धरलं तिथे चुकलं. उकळताना दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. तोच अप्रकट उष्मा.

धागाकर्ती :
‘एकशे दोन’चा मुद्दा मानला, भाचीला उद्या तसंच सांगते. मात्र पाठ्यपुस्तकात ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ यांची फोड पहिल्याच पानावर हवी, हा आग्रह सोडणार नाही. पोरगी दोन दिवस स्वतःलाच ढ समजत होती.