पॉवर पॉप: त्याच त्या दहा गाण्यांच्या पुढं काय ऐकायचं?

लेथवाला_उद्यमनगर

राम राम मंडळी. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. शेजारी पॉवर प्रेस. तो सातला बंद झाला की मी फोन टूलबॉक्सवर उभा करतो आणि पॉवर पॉप लावतो. त्याआधी लावून उपयोग नाही, प्रेसच्या ठोक्यात गाण्यातल्या टाळ्या बुडतात. आणि टाळ्या गेल्या तर उरलं काय?

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: बीटल्ससारखी चाल, द हू या बँडसारखा गिटारचा दणका, दोघातिघांनी मिळून गायलेलं धृवपद, तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. नाव द हूच्याच पीट टाउनशेंडनं १९६७ साली दिलं.

आता अडचण. ॲपला नवीन काहीतरी ऐकव म्हटलं की ते द नॅक या बँडचं 'माय शरोना' लावतं. मग चीप ट्रिक, मग रास्पबेरीज हे बँड, फिरून शरोना. रंकाळ्याला फेऱ्या मारल्यासारखं झालंय. मला त्या काळात मागं पडलेली मंडळी पाहिजेत, आणि आज कोण हे वाजवतंय का तेही.

आणखी एक, पंचवीस वर्षं डोक्यात अडकलेलं. डिप्लोमाला असताना रूमपार्टनरकडं एक भरून घेतलेली कॅसेट होती, वर बॉलपेननं फक्त 'मिक्स ३'. तीत एक बाई गायची, लखलखीत गिटार, शब्दांत सप्टेंबर आणि डिसेंबर. एकदा टेपनं ती कॅसेट खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळली, पण चुरगळा पडला तो नेमका त्याच गाण्यावर. नेटवर सप्टेंबर शोधलं की 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडचं येतंय. ते नव्हे हो.

बारावी_गल्ली

भावा, 'शूज' ऐकलास काय? बँडचं नाव आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या झायन गावचे. १९७७ ची 'ब्लॅक व्हिनिल शूज' त्यांनी घरातच चार ट्रॅकच्या मशिनवर रेकॉर्ड केली. चार ट्रॅक म्हणजे चारच खण. पाचवा आवाज घालायचा तर आधीचे दोन-तीन एकात मिसळून जागा करायची, आणि एकदा मिसळलं की परत सुटं होत नाही. तुला सांगायला नको, लेथवर भोक जास्त मोठं झालं की जॉब भंगारात. गाणी जरा धुकट वाटतात, गाणारा कानात कुजबुजतोय असं. मला पहिल्यांदा नाही आवडली. तिसऱ्यांदा बसली.

दुसरे 'द नर्व्ह्ज'. १९७६ ला चार गाण्यांची एक रेकॉर्ड काढली आणि दोनेक वर्षांत पांगले. त्यातलं 'हँगिंग ऑन द टेलिफोन' १९७८ ला ब्लाँडी या बँडनं गायलं आणि गाणं ब्लाँडीचंच होऊन बसलं. मूळचं ऐक, जास्त घाईतलं आहे.

खासबाग_कट्टा

सगळी बीटल्सची झेरॉक्स. तीन गाणी ऐकली, तिन्ही एकच वाटली.

लेथवाला_उद्यमनगर

बायकोपण हेच म्हणते. पण मर्दा, तांबडा रस्सा सगळीकडं तांबडाच असतोय की.

जुना_कॅसेटवाला

लेथवाले, तुमचं गाणं सापडलं.

लक्ष्मीपुरीत माझं कॅसेटचं दुकान होतं. बँगल्स या बायकांच्या बँडची १९८६ ची 'डिफरंट लाइट' लोक त्या इजिप्शियनवाल्या गाण्यासाठी न्यायचे. गिऱ्हाईक नसलं की मी आतले कागद भिंग लावून वाचायचो. त्यात 'सप्टेंबर गर्ल्स', आणि गर्ल्सचं स्पेलिंग 'आय'ऐवजी 'यू' घालून. मला वाटलं छपाईत चुकलं. पुढं लिहिणाऱ्याचं नाव बँगल्सपैकी कुणाचंच नव्हतं, चिल्टन होतं. हा कोण म्हणून जो मागं गेलो तो अमेरिकेतल्या मेम्फिसला पोचलो. ॲलेक्स चिल्टन, बँड बिग स्टार. मूळ गाणं १९७४ च्या 'रेडिओ सिटी'तलं, आणि स्पेलिंग त्यांनीच मुद्दाम तसं ठेवलेलं.

बिग स्टारची गंमत बघा. पहिल्या रेकॉर्डचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड' (१९७२). छापून कौतुक झालं, पण माल दुकानात पोचला नाही. दुसऱ्या वेळी वितरण कोलंबिया या बड्या कंपनीकडं होतं. त्यांचं आणि स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं बिनसलं आणि परत तेच. लोक म्हणतात बँड चालला नाही. चालायला आधी काउंटरवर तर यायला पाहिजे! एका दिवाळीला माझ्याकडं नव्या पिक्चरच्या कॅसेटऐवजी दोन पेट्या आरत्यांच्या आल्या. बदलून मिळेपर्यंत तुळशीचं लग्न उरकलं आणि पोरं म्हणायला लागली, काकांकडं काही नवीन नसतंय.

पहिल्या रेकॉर्डनंतर बाहेर पडलेला ख्रिस बेलही ऐका. १९७८ च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला, वय २७. त्याची एकट्याची गाणी अल्बम म्हणून बाहेर आली १९९२ ला. रात्री एकट्यानं ऐकू नका एवढंच सांगतो.

विद्यापीठ_रोड

नवीन मंडळींचं मी सांगतो. (मुलगी आहे, पण कोल्हापूरची आहे, त्यामुळं सांगतोच.) न्यूझीलंडचे 'द बेथ्स', ऑकलंडचे. २०१८ ची 'फ्यूचर मी हेट्स मी' आधी, मग २०२२ ची 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड'. गिटार धडाधड, मागं बाकीचे सूर धरून, आणि गाणारी एलिझाबेथ स्टोक्स इतकं साधं गाते की शब्द टोचल्याचं नंतर कळतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे दोघं भाऊ 'द लेमन ट्विग्ज', त्यांची २०२४ ची 'अ ड्रीम इज ऑल वी नो' म्हणजे काकांच्या दुकानातूनच आणल्यासारखी.

आणि दादा, ॲपवर विसंबू नका. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर जावा. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची बारकी चित्रं असतात. एकावर टिचकी मारली की त्या माणसानं आणखी काय काय घेतलंय ते सगळं दिसतं. पैसे मोजून घेतलेलं असतं, म्हणजे बहुतेक खरंच आवडलेलं. मी असाच एकाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात जातो.

जुना_कॅसेटवाला

'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड', म्हणजे बुडत्या धंद्यातला जाणकार? त्या पोरीनं हे माझ्याकडं बघून लिहिलं काय?

विद्यापीठ_रोड

काका, ते प्रेम संपल्यावरचं आहे.

जुना_कॅसेटवाला

तेच म्हणतोय मी.

लेथवाला_उद्यमनगर

काका, तेच गाणं! बँगल्सचं लावलं आणि जिथं चुरगळा होता तिथं मी आपोआप थांबलो, ते मात्र पुढं गेलं. मग बिग स्टारचं लावलं. बाई नाही, बाप्या गातोय, आवाज जरा थकलेला, पण गिटार तीच. चार वेळा ऐकलं. शेजारचा प्रेसवाला शटर ओढता ओढता दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कुठल्या पिक्चरचं रं?"