घाटमाथ्यापासून समुद्राच्या तळापर्यंत : कोकणातले तुमचे अनुभव लिहा

कोकणात आपण बहुतेक वेळा किनाऱ्यासाठी जातो. सकाळी घावणे, दुपारी सुरमईचं ताट, संध्याकाळी वाळूत पाय आणि चौथ्या दिवशी परतीची तुतारी एक्सप्रेस. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. रात्री समुद्रात लुकलुकणारा खडकावरचा दिवा मी लहानपणापासून बघत आले, पण त्या खडकापर्यंत जायला मला चाळिशी उलटावी लागली. आंबोलीच्या धुक्यातून निघालं की दोन-अडीच तासांत मालवणच्या जेटीवर उभं राहता येतं. एवढ्याशा पट्ट्यात बेडूक, धनेश, कासवं, डॉल्फिन आणि प्रवाळ सगळं आहे, आणि आपण ते न बघताच परत येतो. म्हणून हा धागा.

जागा, महिना आणि कोणाबरोबर गेलात ते जरूर लिहा. फक्त दुर्मिळ प्राण्याची किंवा घरट्याची नेमकी जागा लिहू नका. अशा जागा वाचून शोधत जाणारी सगळीच माणसं चांगल्या हेतूनं जात नाहीत.

सुरुवात मी करते.

जानेवारीतली सकाळ होती. स्कूबा डायव्हिंगसाठी होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडकांजवळ थांबली. मला पोहता येतं ते आजोळच्या विहिरीतलं, त्यामुळे छातीत धडधड होतीच. मला पाण्याखाली नेणाऱ्या मुलानं मास्क घट्ट केला आणि खुणा शिकवल्या. पाण्यात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर चल’ असा होतो, ‘छान’ असा नाही, हे त्यानं तीनदा बजावलं. शेवटी म्हणाला, “पोवळ्यार पाय ठेवू नको हां, ता जिता आसा.”

खाली जाताना कान दडपतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलली की मोकळे होतात. मग एकदम शांतता, आणि फक्त आपल्याच श्वासाचे बुडबुडे. वीस फुटांपेक्षा खोल नसेल. पिवळे-काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे अगदी चेहऱ्यासमोरून गेले. पोपट मासा खडक खरवडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. पण मी खिळले ती एका कपारीपाशी. आत हेकरू होता. आमच्या घरी हेकरूचं सार कितीदा झालं असेल, पण जिवंत हेकरू मी पहिल्यांदा बघत होते. खालचा ओठ पुढे, अंगावर तपकिरी ठिपके, कल्ले सावकाश उघडत-मिटत होते. डोळा माझ्याकडे वळला, पुन्हा आत वळला. तो जागचा हलला नाही. हलायचं कारणच नव्हतं, घर त्याचं होतं.

दोन वर्षांनी भाच्याला घेऊन दुसऱ्या एका होडीवरून गेले. तिथे फोटोत मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करत होते आणि एका पर्यटकाला चक्क प्रवाळावर उभं केलं होतं. मी वर आल्यावर बोलले, तर उत्तर मिळालं, “सगळेच करतात.” प्रवाळाच्या कितीतरी जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. बुटाच्या एका टाचेखाली किती वर्षं मोडतात याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. त्यात उन्हाळ्यात पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात, तो घाव वेगळाच. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे एक वाक्य तरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरहून

आम्ही चौघं मित्र गेली नऊ वर्षं जुलैत आंबोलीला जातो. धबधब्यासाठी नाही, रात्रीसाठी. विजेरी, रेनकोट, गुडघ्यापर्यंत गमबूट आणि वाटा जाणणारा गावातला माणूस. त्याच्याशिवाय एक पाऊल टाकत नाही, कारण कारवीच्या फांदीवर मलबारी चापडा हा विषारी साप बसलेला असतो आणि तो आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही.

बघायचं असतं ते उडत्या बेडकाचं घर. डबक्यावर ओणवलेल्या फांदीला, पानं एकमेकांना चिकटवून केलेला पांढरा फेसाचा गोळा. पहिल्यांदा वाटलं कोणी साबणाचा फेस टाकलाय. अंडी त्या फेसात ओली राहतात आणि पिल्लं बाहेर आली की टपटप खालच्या पाण्यात पडतात. एकदा आम्ही दीड तास भिजत उभे राहिलो आणि तीन पिल्लं पडताना पाहिली. तीनच. त्या रात्री कोणाला झोप लागली नाही.

आता दुःखाची गोष्ट. आंबोली टोड नावाचा लहानसा भेक फक्त या परिसरात सापडतो. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाचं पाणी साचतं, त्या उथळ खळग्यांत त्याची वीण होते. पावसाळी शनिवारी रात्री घाटात गाड्यांची रांग असते आणि सकाळी डांबरावर चपटे झालेले बेडूक, भेक, साप मोजवत नाहीत. आम्ही आता गाडी मुक्कामालाच ठेवतो आणि चालतो. रात्री घाट चढणाऱ्यांना हात जोडून विनंती, वेग कमी ठेवा.

सकाळी हिरण्यकेशीच्या देवळाकडेही जा. तिथल्या कुंडात सापडलेली बोटभर माशाची जात २०२० मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाच्या पाण्यात मासे धरायचे नाहीत, ही जुनी रीत तिथे कामी आली असं माझं मत आहे.

मालवण, होडीवर काम करणारा

ताईंनी पावाबद्दल लिहिलं ते खरं आहे. आम्ही काही जण करत नाही, पण गिऱ्हाईकच मागतं. तुम्ही लोकांनी नको म्हटलात तर आमचं काम सोपं होईल.

कधी यायचं ते सांगतो. होड्या मे अखेर बंद होतात. सप्टेंबरात सुरू झाल्या तरी कर्ली नदी देवबागला समुद्रात गढूळ पाणी आणतच असते, तळ दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त, तळाची माती उठते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते, तेव्हा या. आणि सकाळी या. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दर्या गप्प असतो. अकरानंतर खारा वारा सुटला की लाट येते आणि निम्मी माणसं होडीतच उलट्या करतात. पहाटे पोटभर मिसळ खाऊन येऊ नका. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका. आदल्या रात्रीची दारूसुद्धा लपवू नका. खाली तुम्ही आमच्याच जबाबदारीत असता.

पुणे (मूळ गाव मंडणगड)

मार्चमध्ये वेळासला आईला घेऊन गेलो. आई पंच्याहत्तरीची, सगळं बालपण याच तालुक्यातलं, पण कासवाचं पिल्लू तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लहानपणी अंडी सापडली की लोक खायचे, हे तिनंच सांगितलं. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली.

मादी रात्री येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. गावातली मुलं ती कुंपणात नेऊन पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली, खाली काहीच नव्हतं. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पिल्लं. दोरीमागे आम्ही सगळे चिडीचूप. एक पिल्लू लाटेनं तीनदा मागे फेकलं, उताणं झालं, पुन्हा सुलटं होऊन चालू लागलं. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. चौथ्या लाटेला ते गेलं. आई हात जोडून उभी होती.

ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, हे मी आईला नंतर सांगितलं. “माहेरपणाला आली असेल,” म्हणाली.

एका दिवसाच्या बेतानं जाऊ नका. दोन मुक्काम ठेवा, गावातल्या घरीच राहा.

सावंतवाडी, शिक्षिका

दोडामार्गकडे ककणेर, म्हणजे धनेश, बघायला फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीतून फक्त चोच बाहेर, आणि नर महिनोन्महिने तिला आणि पिल्लांना भरवतो. एवढी मोठी ढोली जुन्या झाडालाच असते. अशी झाडं आता बहुतेक देवराईतच उरली आहेत, बाकी रबर आणि काजू. माझ्या वर्गातल्या एका मुलानं घरामागचा जुना बेहडा तोडू नये म्हणून आजोबांकडे हट्ट धरला. झाड उभं आहे.

धागाकर्ती

त्या दिव्याच्या खडकाचं लिहायचं राहिलं. मार्चमध्ये बाबांना घेऊन निवतीहून होडीनं गेलो. वाटेत डॉल्फिनची पाठ दोनदा दिसली. होडीवाल्यानं इंजिन मंद केलं, पाठलाग केला नाही, म्हणून त्यांनीही घाई केली नाही.

खडकांच्या गुहांत पाकोळ्या नावाचे चिमुकले पक्षी राहतात. लाळेनं बांधलेली त्यांची घरटी परदेशात सूपासाठी विकली जातात, त्यामुळे इथून पूर्वी पोत्यांनी चोरीला जायची. काळोखात त्या तोंडानं टिक्-टिक् आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. आम्ही उतरलो नाही. होडी लांबच थांबवली, इंजिन बंद केलं. गुहेच्या तोंडाशी शेकडो पाकोळ्या धुरासारख्या आत-बाहेर करत होत्या. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “दिव्याकडेच बघत बसलो आम्ही इतकी वर्षं.”

परतताना त्यांनीच होडीवाल्याला विचारलं, पुढच्या वर्षी कधी यायचं.