मैत्रीण जाताना लेकराला तिथून हलवावं का?

गॅलरीतली आई:
लालबागची आमची चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीये. समोरच्या बिऱ्हाडाने बिल्डरचं भाडं घेऊन बदलापूरला जागा बघितली. त्यांची मुलगी आणि माझी पाच वर्षांची लेक रांगत्या होत्या तेव्हापासून एका ताटात जेवणाऱ्या. टेम्पो यायच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, पोरीला हे बघवणार नाही, आणि सकाळीच तिला माटुंग्याला आत्याकडे घेऊन गेल्या. संध्याकाळी आली तर समोर कुलूप. आता शाळेतून आली की चपला काढायच्या आधी ते कुलूप ओढून बघते. मला वाटतं आम्ही चुकलो.

परळचे आजोबा:
कसली चूक? १९८२च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीतली किती बिऱ्हाडं गावाला गेली. पोरं दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी गोट्या खेळायला लागली. हल्ली उगाच सगळ्याचा बाऊ करतात.

भोवरा:
आजोबा, त्याच गोट्या खेळणाऱ्यांतला मी. सहा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी मित्राचा भोवरा लपवला होता, म्हणून तो रागावून रत्नागिरीला गेला असं मला चौथीपर्यंत वाटायचं. कोणी काही सांगितलंच नव्हतं ना. या वयात पोरं सगळं स्वतःवर ओढून घेतात. ताई, 'तुझ्यामुळे नाही गेली' हे लेकीला तोंडाने सांगा.

परळचे आजोबा:
भोवरा परत केलास का?

भोवरा:
अजून आहे माझ्याकडे.

शिशुवर्गाची बाई:
सांगायलाच हवं होतं, पण दोन महिने आधी सांगूनही उपयोग नसतो. या वयात 'पुढच्या महिन्यात' म्हणजे काय ते कळत नाही, रोज 'आज का?' विचारत बसतात. आठवडाभर आधी सांगायचं, कालनिर्णयवर रोज एक फुली मारायची. खेळण्यांची पिशवी तिच्या हाताने टेम्पोत ठेवू द्यायची. आता अंगठा चोखायला लागली किंवा अंथरूण ओलं केलं तर ओरडू नका. फार लांबलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि व्हिडिओ कॉलवर 'बोल गं, बोल गं' करू नका, पळून जाईल. दोघींना फोनसमोर चित्रं रंगवायला बसवा.

सेंट्रलवाला:
फोन कशाला? प्रत्यक्ष भेटवा. दादरहून फास्ट पकडलीत की तास-सव्वा तास.

परळचे आजोबा:
आणि निघताना पुन्हा तोच गोंधळ! खपली धरतेय तर काढता कशाला?

शिशुवर्गाची बाई:
रडेल ना, रडू दे. आजोबा, ती रोज कुलूप ओढतेय. कुठे धरलीये खपली?

गॅलरीतली आई:
काल रात्री सांगितलं, तुझ्यामुळे नाही गेली गं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी तिला टाटा केलं नाही ना, म्हणून नाही ना रागावली?" मला काही सुचेना. सासूबाई मोरीत भांडी घासत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "शनिवारचं काढ बदलापूरला. रविवारी मेगाब्लॉक असतो."