थारचे मागचे ड्रम काढून डिस्क लावायचे आहेत, हँडब्रेकचं काय करायचं?

पांदणवाला
महिंद्राची थार सीआरडीई (डिझेल), एबीएस नसलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन इंच लिफ्ट. गाडी मारेगाव-झरी भागात चालते. पावसाळ्यात पांदण रस्ता, मधात दोन नाले, बाकी काळ्या मातीचं वावर. नाला ओलांडला की मागचा ब्रेक लागूनच नाही राहिला. चिखल सुकला की ड्रममधून करकर येते. लाईनर एक पावसाळा कसेबसे काढतात आणि हँडब्रेक चढावर धरत नाही. मागे डिस्क टाकतो म्हणतो. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) केवढा घ्यावा? मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) बदलावा लागेल का? आणि हँडब्रेक कसा ठेवायचा? ब्रॅकेट हिंगणा एमआयडीसीत लेझरवर कापून घेता येईल.

चाकजाम
भाऊ, खर्चात पडण्याआधी दोन्ही ड्रम उघडून पाहा. लाईनर कोरडे, खाचा पडलेले आणि ड्रमला आतून चरे असतील तर तो चिखलाचा मार आहे. पण लाईनर काळे-चिकट असून गिअर ऑइलचा वास येत असेल तर रोग एक्सलच्या ऑइल सीलचा. तापलेलं एक्सलचं हाऊसिंग नाल्यात शिरलं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते. ब्रीदर (हाऊसिंगमध्ये हवा यायला-जायला ठेवलेली वाट) मातीने बुजलेला असेल तर हाऊसिंग सीलमधून पाणी ओढतं, आणि परत तापलं की तिथूनच ऑइल बाहेर टाकतं. डिस्क लावली तरी ते ऑइल पॅडवर यायचंच. सील बदला, ब्रीदरला रबरी नळी जोडून चेसीच्या वर टेललॅम्पच्या उंचीपर्यंत न्या. डिफचं (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) ऑइल दुधाळ झालं असेल तर तेही बदला.

दुसरं म्हणजे लिफ्ट. मागच्या लाईनवर एलएसपीव्ही (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. बॉडी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचं प्रेशर कमी करतो. दांड्याचा ब्रॅकेट लिफ्टएवढा सरकवला नसेल तर डिस्कही अशीच मवाळ वागेल. नव्या तीन दारी थारलाही कंपनी मागे ड्रमच देते. लाईनर बदलणं, ॲडजस्टरचं चाक मोकळं करणं, बॅकिंग प्लेटवर (ड्रममागचा पत्रा) शू (लाईनर बसवलेली कमान) जिथे टेकतो तिथली माती खरवडणं, यात बऱ्याच गाड्यांचं काम भागतं.

तेरा_एमएम
वरचं सगळं बरोबर, पण जी गाडी रोज चिखलात जाते तिला डिस्कचा फायदा खरा आहे. पाणी आणि गाळ फेकला जातो, दोन-चार दाबांत ब्रेक परत येतो. मात्र काळी माती पॅडही खाते, त्यामुळे "आता मागे पाहायलाच नको" असं समजू नका. डिस्कच्या आतल्या बाजूचं पत्र्याचं कव्हर ठेवा, नाहीतर कॅलिपर आणि डिस्कच्या फटीत गोटा अडकतो.

कॅलिपर मोठा घेण्याचा मोह टाळा. पुढचाच जोड मागे लावणारे पुष्कळ आहेत, तिथेच काम बिघडतं. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या मुरुमावर गाडी आडवी फिरते. पुढचा पिस्टन ५४ मिमी असेल तर मागे ३८ ते ४२ मिमीचा पुरे. हिशेब क्षेत्रफळाचा करा: ५४ चा सुमारे २२.९ चौ. सेंमी, ४० चा १२.६. आता ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमसोबत स्वतःहून आवळला जातो. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही, म्हणून तेवढ्याच ब्रेकला लाईनमध्ये जास्त प्रेशर लागतं. पाय जड वाटला म्हणून लगेच मोठ्या बोअरचा मास्टर टाकू नका. त्यात ऑइल जास्त ढकललं जातं पण प्रेशर उलट कमी होतं. आधी आहे त्याच मास्टरवर पेडल किती खाली जातं ते पाहा.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. काही मास्टरमध्ये ड्रमच्या आउटलेटला रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआय अडकवून ठेवणारा. तो राहिला तर पॅड कायम घासत राहतात, डिस्क निळी पडते. मागच्या लाईनला हाताने फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचं प्रेशर कमी करणारा) बसवा. सपाट मोकळ्या जागेत, ३० च्या वेगाने, बाहेर माणूस उभा करून पाहा: पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत.

लेथ_आणि_लाईन
ब्रॅकेटबद्दल. १० मिमी प्लेट चालेल, पण ती कुठे बसते ते महत्त्वाचं. सेमी-फ्लोटिंग एक्सलला (ज्यात चाक थेट एक्सलच्या दांड्यावर बसतं) बॅकिंग प्लेट ही हाऊसिंगचा फ्लँज आणि बेअरिंग रिटेनर यांच्या मधात दाबलेली असते. तिच्या जागी १० मिमीचा ब्रॅकेट घातला तर रिटेनर बाहेर येतो, बेअरिंग नीट धरलं जात नाही आणि एक्सल आत-बाहेर हलायला लागतो. म्हणून जुन्या बॅकिंग प्लेटचा मधला भाग कापून स्पेसर म्हणून तिथेच ठेवा. ब्रॅकेट फ्लँजच्या आतल्या बाजूने, सी आकाराचा कापा म्हणजे तो ट्यूबवर बाजूने चढतो आणि बेअरिंग प्रेसवर काढावं लागत नाही. बोल्ट तेवढे लांब घ्या, १०.९ ग्रेडचे.

डिस्कचा पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ५ बोल्ट १३९.७ मिमी जुळला म्हणजे झालं असं नाही. मधलं भोक एक्सलच्या उंचवट्यावर घट्ट बसलं पाहिजे; सैल असेल तर लेथवर रिंग करून घ्या. सगळे नट आवळून डायल गेज लावा, रनआउट (फिरताना डिस्कचं डगमगणं) ०.१ मिमीच्या आत हवा. रिम आणि कॅलिपरमध्ये किमान ३ मिमी फट ठेवा. सुकलेली माती रिमच्या आत जमते, तेव्हा जास्तच बरी.

पाईप जोडताना एम१० बाय १ आणि ३/८ इंची २४ आट्यांचा नट यांत गल्लत होते. दिसायला सारखेच. इंचीवाला एम१० च्या भोकात सैलसर जातो आणि पेडल जोरात दाबलं की सुटतो. बँजोला (होजचं कॅलिपरवर बसणारं गोल टोक) तांब्याचे वॉशर दोन, दोन्ही नवे. प्रत्येक कॅलिपरला वेगळा होज लागेल. एक्सल पूर्ण खाली लटकवून आणि पूर्ण वर दाबून तो कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा.

पांदणवाला
सील ओलंच निघालं, ते बदलतो. पण लाईनरही चिखलाने गेलेत, तेव्हा डिस्क करणारच. हँडब्रेक प्रॉपशाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणारा दांडा) घ्यावा का?

तेरा_एमएम
जुन्या विलीज जीपला तसाच होता. जागा वाचते, पण चिखलाच्या गाडीला मी सुचवणार नाही. एक मागचं चाक जॅकवर उचललं की साध्या डिफमध्ये ते उलटं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. प्रॉपशाफ्ट काढला तर ब्रेकच नाही.

हँडब्रेकची लिव्हर असलेला कॅलिपर घ्या. त्याचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबायचा नाही, चावीने फिरवत आत घालायचा. दाबला तर आतला स्क्रू मोडतो. केबल मोकळी सोडा, पेडल दाबून पॅड जागेवर आणा, मग केबल जोडा. आधीच ताणली तर कॅलिपरचं आपोआप होणारं ॲडजस्टमेंट चालत नाही. चिखलात या लिव्हरही अडकतात, पावसाळ्यात दर महिन्याला हलवून पाहा. स्लाइड पिनला ब्रेकचंच ग्रीस, साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं.

चाकजाम
एअर काढताना निप्पल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू) वर आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निप्पल खाली जातं आणि कितीही पंप केलं तरी पेडल स्पंज राहतं. सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. ब्रेक ऑइल डॉट ४.

शेवटी मागचं उचलून ब्रेक मारा, सोडा, चाक फिरवा. जड फिरत असेल तर निप्पल उघडा. लगेच मोकळं झालं तर लाईनमध्ये प्रेशर अडकतंय: व्हॉल्व्ह, नाहीतर पुशरॉडला प्ले नाही. निप्पल उघडूनही जडच असेल तर पिन, पिस्टन किंवा ताणलेली केबल. आणि आरटीओचं आधी विचारून घ्या, गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा.