तक्रार मुलीची, वाळीत सारे घर: हे गावाचे मत की साक्षीदारावरचा दबाव?

नदीकाठ (धाग्याची सुरुवात):

ओळखीतील एका कुटुंबाविषयी लिहीत आहे. गाव, व्यवसाय आणि मुलीची इयत्ता मुद्दाम बदलली आहे. तालुक्याच्या एका गावात सोळा वर्षांच्या मुलीने खासगी शिकवणीच्या सरांच्या वागण्याविषयी आईला सांगितले. आईवडिलांनी दुसऱ्याच दिवशी पोलिस ठाणे गाठले आणि 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. सरांना अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. खटला अजून उभा राहायचा आहे, त्यामुळे सर दोषी आहेत की नाहीत याचा निवाडा कृपया येथे करू नये. मला विचारायचे आहे ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी.

वडिलांची पिठाची गिरणी आहे. सकाळी डब्यांची रांग उंबऱ्याबाहेर यायची. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने आडनाव घातलेले, बायका डबा ठेवून भाजीला जायच्या आणि परतताना दळण घेऊन जायच्या. आता ते डबे पलीकडच्या आळीतील गिरणीत जातात. कोणी भांडले नाही, कोणी धमकी दिली नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक शेजारच्या दारावरून थेट पुढच्या दाराला गेले. शिकवणीच्या पालकांनी सरांच्या चारित्र्याची ग्वाही देणारे सह्यांचे निवेदन पोलिसांना दिले आणि त्याची प्रत व्हॉट्सॲपवर फिरवली. त्यात मुलीचे नाव नव्हते, पण 'गिरणीवाल्यांची अकरावीतील कन्या' असे शब्द होते. एवढ्याशा गावात नाव लिहायची गरज कोणाला असते?

भेटणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: 'आधी चार माणसांत बसून बोलायला हवे होते.' पॉक्सोचे कलम 19 सांगते की असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, आणि न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ही चार माणसे कुटुंबाकडून जे मागत होती तेच मुळात बेकायदा होते. ज्या मुलीला उद्या न्यायालयात उभे राहून बोलायचे आहे तिच्या बापाची गिरणी बंद पडू देणे याला मी मत म्हणत नाही, दबाव म्हणतो. कोणी ठरवून केला नसेल, तरीही.

निवृत्त मास्तर:

आपली कळकळ समजते, परंतु आपण केवळ एका घराचे दुःख मांडले आहे. त्या सरांनाही घर आहे, शाळेत जाणारी मुले असतील, आणि अटकेच्या दिवसापासून त्यांच्या दाराशीही कोणी फिरकत नसेल. कलम 29 नुसार न्यायालयाने आरोपीने गुन्हा केला आहे असे गृहीत धरायचे आणि निर्दोषत्व त्याने सिद्ध करायचे, अशी उलटी रीत या कायद्यात आहे. जेथे कायदाच इतका कठोर आहे तेथे ज्या पालकांनी या माणसाला वर्षानुवर्षे पाहिले त्यांनी आपला अनुभव पोलिसांना लेखी कळवला तर त्यात गैर काय? निवेदन देणे हा नागरिकाचा हक्क आहे. दळण कोठे टाकावे हेही कायद्याने ठरवायचे काय? शिक्षकी पेशात असताना एका निनावी पत्राने एका सहकाऱ्याची उमेद कायमची खचलेली मी पाहिली आहे. पुढे त्या पत्रात तथ्य नसल्याचे निघाले, पण तोवर ते गृहस्थ बदली मागून निघून गेले होते. गाव चुकते, हे मान्य. पण प्रत्येक वेळी गावच गुन्हेगार असते असे नाही.

दोन मुलींची आई:

मास्तर, निनावी पत्र आणि पोलिसांसमोर नावानिशी जबाब देणारी मुलगी यांत आपल्याला फरक दिसत नाही, याचे नवल वाटते.

तरीही मी नदीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत नाही. कायद्याने कळवणे बंधनकारक आहे हे येथे लिहिणे सोपे आहे. माझ्या मुलीवर ही वेळ आली तर मी पहिल्यांदा तिची शिकवणी बंद करीन, तिला बहिणीकडे पुण्याला पाठवीन, आणि तक्रारीचा विचार नंतर. मला हे अभिमानाने सांगायचे नाही. पण तक्रार देणाऱ्याला गावात कसे जगायचे ते कायदा शिकवत नाही, आणि ज्यांनी ती दिली त्यांचे काय झाले हे गिरणीच्या उदाहरणात आपणच लिहिले आहे. असे वाचून आणखी किती आया गप्प बसतील?

कोर्टाची पायरी:

मी तालुका न्यायालयात वकिली करतो, म्हणून काही बाबी सांगतो.

मास्तरांनी कलम 29 चा उल्लेख केला. ते गृहीतक सरसकट नाही. 3, 5, 7 आणि 9 या कलमांखालील गुन्ह्यांना ते लागू आहे. केवळ मेसेज पाठवून वा बोलून केलेला त्रास कलम 11 मध्ये मोडतो, आणि ते कलम या यादीत नाही. शिवाय खोट्या तक्रारीसाठी कलम 22 आहे: द्वेषापोटी खोटी माहिती देणाऱ्या प्रौढाला शिक्षा होऊ शकते, बालकाला मात्र नाही. तेव्हा आरोपीची बाजू कायद्याने पुसून टाकली आहे हा समज बरोबर नाही.

निवेदनाविषयी मात्र मी स्पष्ट बोलेन. पोलिसांना चारित्र्याची ग्वाही देणे एक, आणि ती प्रत गटागटांतून फिरवणे दुसरे. कलम 23 नुसार कोणत्याही माध्यमात बालकाचे नाव, पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर किंवा ओळख उघड होईल अशी कोणतीही बाब देता येत नाही. डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समाजमाध्यमांचाही उल्लेख करून हे अधिक ठामपणे सांगितले. 'गिरणीवाल्यांची कन्या' हे शब्द या कक्षेत येतात असा युक्तिवाद मी उद्या उभा राहून करू शकेन.

आता नदीकाठ यांना न आवडणारी गोष्ट. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जो 2017 पासून अमलात आहे आणि ज्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तो येथे चालेलच असे नाही. जातपंचायतींचा जाच डोळ्यांपुढे ठेवून तो केला गेला, आणि त्यातील बहिष्कार हा आपल्याच समाजातील, म्हणजे जातीच्या वा धर्माच्या गटातील व्यक्तीवर टाकलेला असावा लागतो. साऱ्या गावाने मुकाट्याने दळण हलवले, तर त्यात कोणाला पकडणार?

निवृत्त मास्तर:

वकीलसाहेबांनी माझेच म्हणणे पुरे केले. जेथे कायदा जात नाही तेथे माणसांच्या मनावर सोडावे.

नदीकाठ:

मनावर सोडल्याने काय होते, याचे उदाहरण देतो. 1990 मध्ये हरयाणातील पंचकुला येथे चौदा वर्षांच्या टेनिसपटू मुलीने पोलिस महानिरीक्षक शंभू प्रताप सिंह राठोड यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. शाळेने तिला काढून टाकले, भावावर वाहनचोरीचे गुन्हे घातले गेले, आणि 1993 च्या डिसेंबरात तिने आत्महत्या केली. राठोड यांना डिसेंबर 2009 मध्ये शिक्षा झाली ती सहा महिन्यांची. वरच्या न्यायालयाने ती पुढे दीड वर्ष केली.

निवृत्त मास्तर:

हे उदाहरण गैरलागू आहे. राठोड वर्दीतले मोठे अधिकारी होते, यंत्रणा त्यांच्या हातात होती. शिकवणीच्या मास्तराच्या हातात खडू असतो.

नदीकाठ:

नेमके म्हणूनच ते लागू आहे. पंचकुलात राठोड यांच्या हाताशी यंत्रणा होती, पण शेजारी मुलीच्या बाजूने निवेदनावर सह्या करायला उभे राहिले, आणि तिच्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी तो खटला एकोणीस वर्षे लावून धरला. येथे सरांच्या हाती कोणतीही सत्ता नाही आणि तरीही मुलगी एकटी पडली, कारण सह्या दुसऱ्या कागदावर झाल्या. मी दळणाचा कायदा मागत नाही. ज्यांना सरांविषयी आदर आहे त्यांनी तो न्यायालयात साक्षीदार म्हणून उभे राहून सांगावा, उलटतपासणीला सामोरे जावे. व्हॉट्सॲपवर उलटतपासणी होत नाही.

दोन मुलींची आई:

वकीलसाहेब, एक विचारते. ते निवेदन ज्या गटात फिरले त्यात मीही असते, सही न करता नुसती वाचून गप्प बसले असते, तर मी कोणत्या कलमात येते?

कोर्टाची पायरी:

कोणत्याच नाही, ताई. पण पुढे कोणाला पाठवू नका, आणि आपल्याकडची प्रत पुसू नका. मुलीच्या आईवडिलांनी तक्रार केली तर पुरावा म्हणून ती लागेल.