मदत हवी आहे: चामडं कापायचा डाय नाशकात कुठे बनवून मिळेल?

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत घरीच चामड्याची पाकिटं हाताने शिवते. आतले कप्पे मिलिमीटरभर कमीजास्त झाले तरी शिलाईची भोकं एकमेकांवर बसत नाहीत. सध्या अॅक्रिलिकचा साचा ठेवून रापीने कापते. सरळ कडा छान येतात, गोल कोपरे मात्र दर तुकड्याचे निराळे. पोटाकडचं चामडं तर पात्याबरोबर ताणलंच जातं, म्हणून कप्प्यांना पाठीकडचंच घेते. लेझर नकोच. कडा काळ्या पडतात, जळका वास राहतो, आणि क्रोम टॅनिंगच्या (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्याचा धूर घातक असतो.

म्हणून स्टील रूल डाय, म्हणजे हव्या आकारात वाकवून लाकडी फळीत बसवलेली, प्रेसखाली दाबायची धारदार पोलादी पट्टी, करून घ्यायचं मनात आहे. पुठ्ठ्याची खोकी, लग्नपत्रिका कापणारे पंचिंगवाले वापरतात तसलाच. सातपूर किंवा अंबडला चामड्यासाठी असे डाय वाकवून देणारं कुणी माहीत आहे का? चामडं २ मिमी जाड आहे. पुठ्ठ्यासाठीची २३.८ मिमी उंचीची पट्टी त्याला टिकेल, की आणखी उंच आणि जाड सांगू? आणि छोट्या तुकड्यांना हातप्रेस पुरतो, की हायड्रॉलिकच घ्यावा लागतो? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, खर्चाचा अंदाजही सांगा.